शेणकिडा आणि काडीकिडा

प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मी दोनदा आपटलो होतो. तिसऱ्यांदाही आपटलो, तर हिवरखेडला काकांच्या पिठगिरणीवर बसायचं, असं घरी ठरलं होतं. गिरणीची मला मनापासून भीती वाटायची.

विषय होता जंगलातल्या दोन वेगळ्या कीटकांची तुलना, जिवंत नमुन्यांसह. सातपुड्याच्या पायथ्याशी दोन दिवस वणवण करून मी एक शेणकिडा पकडला आणि एक काडीकिडा. पहिला दिवसभर स्वतःपेक्षा मोठा शेणाचा गोळा ढकलतो. दुसरा दिवसभर काडी असल्याचं सोंग करतो आणि सुखात जगतो. माझा ओढा कोणाकडे होता, ते सांगायला नको.

एकाला डब्यात ताज्या शेणासकट, दुसऱ्याला बरणीत काड्यांसकट घेऊन अकोल्याला मावशीकडे मुक्काम केला. परीक्षा दुसऱ्या दिवशी अमरावतीला होती.

सकाळी आंघोळ करून आलो, तर मावशीचा उंबरा छान सारवलेला. मार्गशीर्षातला गुरुवार होता आणि तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ताजं शेण आयतं चालून आलं होतं.

"मावशी, त्यात किडा होता."

"होता ना. म्या गॅलरीतून सोडून देल्ला. काहून, तुले पायजे होता काय?"

तिच्यावर चिडायला वेळ नव्हता. बरणी पिशवीत होती, ती उचलून बस गाठली.

परीक्षकांनी विचारलं, "शेणकिडा कुठाय?"

"उडाला, सर."

त्यांनी कागदावर भोपळा काढला. मग बरणी डोळ्यांजवळ धरून बराच वेळ फिरवली. मला समोर गिरणीचा पट्टा फिरताना दिसत होता.

"हा बघ," ते शेवटी म्हणाले. "पाय किती स्पष्ट आहेत."

मी वाकून पाहिलं. सहा पाय मोजले, वर मिशाही दाखवल्या. सर खूश झाले. म्हणाले, "जा, पास आहेस."

पेढे घेऊन अकोल्याला आलो. मावशीपुढे बरणी ठेवून म्हटलं, यात किडा आहे, शोधून दाखव.

"यात कुठला किडा, बाबू? तुयं शेण घेतलं म्हणून मले वाईट वाटलं. तुया काड्या वाळल्या होत्या. त्या सकाळीच कुंडीत टाकल्या अन् खराट्याच्या चांगल्या भरून देल्ल्या."

सर चुकले असतील, त्यांचं वय झालं होतं. पण ते पाय मीही मोजले होते, सहाच्या सहा.