इडनबाईंकडची नोकरी

फ्लीटवुड गावात साठीच्या पुढच्या ज्या बायकांचे केस नीट बसवलेले दिसत, त्यातले निम्मे नोरीन कार्डवेलच्या हातचे असत. दुकान तिने कधी थाटलं नाही. रोलरची पिशवी, घडीचा ड्रायर आणि कात्र्यांचा डबा गाडीत टाकायचा, घरोघर जायचं, केस धुवायचे, गुंडाळायचे, वाळवायचे आणि फुगवून द्यायचे, हा तिचा जवळजवळ तीस वर्षांचा धंदा. नवरा फार पूर्वी प्रेस्टनच्या एका बाईकडे कायमचा मुक्कामाला गेला होता. "त्याचे केस मीच कापायचे, म्हणून तिला आवडला," एवढंच ती त्याच्याबद्दल बोलायची.

बाई कामाला चोख, हिशेबाला त्याहून चोख. दर वर्षी एक डायरी. ठरलेली वेळ पेन्सिलने, झालेलं काम पेनने. कोणाचं घर, काय केलं, किती मिळाले. अशा सगळ्या डायऱ्या जिन्याखालच्या कपाटात ओळीने उभ्या होत्या, आणि त्यात खोटा आकडा औषधालाही नव्हता.

दोन हजार तीन साली जुन्या गाडीने मान टाकली. दुसरी घ्यायला साडेचार हजार पौंडांचं कर्ज हवं होतं, म्हणून एका गुरुवारी दोन कामांच्या मधल्या वेळात ती बँकेत गेली. खिडकीतली मुलगी फार गोड होती आणि तिथेच घात झाला. उद्धट मुलगी असती तर नोरीनने चार प्रश्न तरी विचारले असते. "यासोबत हप्त्यांचा विमा असतो," मुलगी म्हणाली. "हात किंवा पाय मोडला, आजारी पडलात, तर हप्ते विमा भरतो. सगळेच घेतात." मागे रांग उभी होती. रांगेतल्या माणसांना खोळंबून ठेवण्यापेक्षा आपला गळा कापून घेतलेला बरा, अशी या गावाची रीत. नोरीनने सही केली. विम्याचे नऊशे चाळीस पौंड कर्जातच मिसळले आणि त्यांच्यावरही व्याज सुरू झालं.

दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत बर्फावरून पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. अकरा आठवडे प्लॅस्टर. केस कापणाऱ्या बाईचं उजवं मनगट म्हणजे सबंध दुकानच बंद. तिने विमावाल्यांना फोन लावला.

"पगाराची पावती पाठवा," पलीकडचा माणूस म्हणाला.

"पगार नाही हो मला. मी माझं माझं काम करते."

"मग हा विमा तुम्हाला लागू होत नाही, बाई. तो नोकरदारांसाठी आहे."

मग विकलात कशाला, असं कोणीही विचारलं असतं. नोरीन म्हणाली, "बरं बरं. उगाच त्रास दिला तुम्हाला." आणि तिने फोन ठेवला. न वाचता सही केली, आपणच मूर्ख, असं तिने मनाशी ठरवून टाकलं आणि ही गोष्ट कोणाला सांगितली नाही.

पण बंदराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली बैठी घरं होती, तिथे तिच्या गुरुवारच्या सात बायका राहत. त्यांची पुढारी मिसेस इडन. लहानपणापासून ती धक्क्यावर बोटींमधून उतरणाऱ्या माशांच्या पेट्या मोजायची. चारशे पेट्यांत एक इकडची तिकडे झाली तर कप्तानाला परत बोलावणारी पोर, अशी तिची ख्याती होती. प्लॅस्टरनंतरच्या पहिल्याच गुरुवारी ती बस पकडून नोरीनच्या दारात आली, डोक्याला रुमाल बांधून, हातात सात पाकिटं घेऊन. प्रत्येकात सहा पौंड.

"हे कशाचे? मी तर काही केलंच नाही," नोरीन म्हणाली.

"गुरुवारची वेळ आमची आहे. तू आलीस की नाही हा तुझा प्रश्न, पैसे दिले की नाही हा आमचा. चहा टाक."

"एका हाताने?"

"मग मीच टाकते. तशीही तुझ्या चहाला कधी चव नसते."

अकरा गुरुवार सात बायका डोक्याला रुमाल बांधून फिरल्या. दुसऱ्या कोणाच्या कात्रीखाली मान दिली नाही. पाद्रीबुवांनी म्हणे एकदा विचारलं, की एवढ्या सगळ्या जणी एकदम कशाने आजारी पडल्या. नोरीनने डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात, प्रत्येक पाकिटाची नोंद केली. गाडी राहिली, घर राहिलं. देव अशाच वेळी कोणाच्या तरी रूपाने येतो म्हणतात. तिच्याकडे तो रुमाल बांधून बसने आला.

पुढे तिने ते पैसे परत करायचे किती प्रयत्न केले. मिसेस इडन पाकीट हातात धरायची नाही. "तुझ्या कष्टाचे नकोत मला. त्या बँकेने कधी दिले तर आणून दे, घेईन." म्हणजे नोरीनने न सांगताही म्हातारीला विम्याचा वास लागलेला होता.

वर्षं गेली. सातातल्या सहा जणी एकेक करून गेल्या. दोन हजार बाराच्या सुमारास फोन वाजायला लागले. चुकीचा विमा विकला असेल तर पैसे परत मिळवून देतो म्हणे, फक्त चौथा हिस्सा आमचा. मेलेल्या गुरावर गिधाडं जमावीत तशा या कंपन्या गावावर उतरल्या होत्या. नोरीन फोन आपटायची. एका गुरुवारी इडनबाईंच्या डोक्यात रोलर लावता लावता तिने सगळं सांगून टाकलं. सही, रांग, फोन, सगळं.

मिसेस इडन एक्याण्णव वर्षांची झाली होती. गुडघे साथ देत नव्हते, आणि दोन महिन्यांनी तिला क्लीव्हलीजच्या वृद्धाश्रमात हलवायचं ठरलं होतं.

"सात वर्षं हे पोटात ठेवलंस?" ती आरशातून म्हणाली.

"लाज वाटत होती."

"लाज त्यांना वाटायला हवी, ज्यांनी विकलं. चौथा हिस्सा कोणाला द्यायचा नाही. वाचनालयात फुकट अर्ज मिळतो. आणि लवकर कर, मला माझे सहासष्ट पौंड इथून हलायच्या आत हवेत."

आता नोरीनला खरी घाई झाली. पैसा आला तर चांगलाच होता, पण बँकेच्या पैशातून आपलं देणं घेईन असा शब्द म्हातारीने दिला होता, आणि एक्याण्णव वर्षांच्या माणसाचा शब्द फार दिवस बाहेर ठेवता येत नाही.

अर्ज गेला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: विमा घेताना आपण कायम नोकरीत होता, सबब तक्रार मान्य करता येत नाही. मालकाचे नाव, मिसेस इडन.

नोरीनला आधी काही कळेना. मग आठवलं. त्या गोड मुलीने विचारलं होतं, "कामाला कुठे असता?" आणि नोरीन म्हणाली होती, "आता इथून मिसेस इडनकडे."

मिसेस इडनने ते पत्र दोनदा वाचलं आणि हसता हसता तिला ठसका लागला. मग चष्मा पुसून म्हणाली, "कागद आण. मालकीणबाई उत्तर लिहिणार आहेत."

तिने स्वतःच्या हाताने लिहिलं. "महाशय, मी नोरीन कार्डवेलला नोकरीवर ठेवल्याचा आरोप माझ्यावर झाला आहे. मी तिला आठवड्याला सहा पौंड आणि दोन बिस्किटं देत असे. याला नोकरी म्हणत असाल तर दूधवाला, खिडक्या पुसणारा आणि पाद्रीबुवाही माझे नोकर आहेत, कारण बिस्किटं तेही खातात. तिने कर्जावर सही केली त्या आठवड्याच्या तिच्या डायरीची नक्कल सोबत जोडली आहे. तुमच्या हिशेबाने त्या आठवड्यात बिचारीला तेवीस मालक होते. आपली, विनिफ्रेड इडन."

उत्तर यायला सहा आठवडे लागले. तोवर म्हातारीचं सामान बांधून झालं होतं. नोरीनने पाकीट जिन्यात बसूनच फोडलं. व्याजासकट एकोणीसशे बारा पौंडांचा चेक होता, पण तिची नजर अडकली ती एका ओळीवर. हा विमा आपल्याला विकायलाच नको होता. चूक आमची आहे. ती ओळ तिने तीनदा वाचली आणि मग तिथेच, पायरीवर, ती मनसोक्त रडली. मूर्ख ती नव्हती. हे तिला कोणीतरी लेखी दिलं होतं.

सहा जणींचे पैसे तिने धक्क्यावर, बुडत्यांना वाचवणाऱ्या लाइफबोटीच्या देणगीपेटीत टाकले. त्या सगळ्या दर्यावर्दींच्या बायका होत्या, त्यांना तेच आवडलं असतं. सातवं पाकीट घेऊन ती बैठ्या घरी पोचली, तेव्हा मिसेस इडन कोट चढवून खोक्यांच्या मधोमध बसली होती.

"हे घ्या. बँकेचे आहेत. शब्द दिला होता तुम्ही."

म्हातारीने पाकीट उघडलं, नोटा मोजल्या, पुन्हा पाकिटात घातल्या आणि पाकीट परत केलं.

"बरोबर आहेत. पण मला पैसे नकोत."

"मिसेस इडन!"

"ओरडू नकोस. मी पैसे कशाचे दिले होते? केसांचे. माझे अकरा वेळचे केस तुझ्याकडे बाकी आहेत. ते दे. इथले गुरुवार धरायचे नाहीत, ते मी रोख मोजलेत. तिथे येऊन दे. आश्रमातली पोरगी म्हणे केस टॉवेलने पुसते आणि विंचरते. कोबी दिसते मी त्यात."

मग गुरुवारी नोरीन क्लीव्हलीजला जायला लागली. आश्रमाच्या खिडकीपाशी खुर्ची, डोक्याला रोलर, हातात चहा. काम झालं की मिसेस इडन हातातला आरसा फिरवून मागची बाजू बघायची आणि आकडा सांगायची. "एक." पुढच्या खेपेला, "दोन. डावीकडे जरा चपटं झालंय." भेटायला दुसरं कोणी येत नव्हतं. भाचा नाताळात यायचा आणि घड्याळ बघत बसायचा. आठ झाले. नऊ झाले.

पुढच्या गुरुवारी म्हातारीने आरसा फिरवला आणि म्हणाली, "नऊ."

"दहा, मिसेस इडन. नऊ मागच्या वेळी झाले."

"आयुष्यभर पेट्या मोजल्या मी. मला मोजायला शिकवू नकोस, पोरी. नऊ."

त्याच्या पुढच्या गुरुवारीही नऊच झाले. या खेपेला आकडा सांगताना म्हातारीने आरशात नोरीनकडे पाहिलं नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि आरशाची मूठ तिने अंमळ घट्ट धरली होती.

"नऊच," नोरीन म्हणाली. "माझंच चुकलं."

खाली गाडीत बसून तिने डायरी काढली. पुढच्या गुरुवारच्या पानावर पेन्सिलने इडनबाईंचं नाव लिहिलं. मग आजच्या पानावर आली. इतक्या वर्षांच्या डायऱ्यांत एकही खोटा आकडा नव्हता, बँकेलासुद्धा त्यांच्यापुढे हार मानावी लागली होती. तिने पेन उघडलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: मिसेस इडन, धुऊन सेट, नऊ.