लंडनजवळच्या स्कॉटलंडचे व्याही

व्याह्यांचे किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत, तरी ते साठतच गेले. फ्रीजरमधल्या डब्यांसारखं आहे, एक काढायला जावं तर मागून तीन पडतात. आमच्या अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या शनिवारच्या वॉकिंग ग्रुपमध्ये दुसऱ्या वळणावर कोणीतरी म्हणतंच, "सुनंदा, ते व्याह्यांचं सांग ना." ज्यांनी दहा वेळा ऐकलंय त्यांचाच आग्रह जास्त असतो.

आधी माणसं सांगते. आमची केतकी इथेच जन्मली, इथेच वाढली. तिचा नवरा कॅलम स्कॉटलंडचा, इथे डेटा सेंटरमध्ये कामाला. त्याचे वडील अँगस, भूगोलाचे रिटायर्ड मास्तर, नातवाच्या बारशासाठी आले आणि दोन महिने आमच्याकडे राहिले. विहीणबाई मोइरा मात्र आल्या नाहीत. घरी दोन म्हातारी कुत्री होती आणि त्यांना सोडून त्या कुठेही जात नाहीत.

अँगसराव येऊन चार दिवस झाले नाहीत तोच तिकडे ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक जाहीर झाली! हा माणूस कॉलेजात असल्यापासून स्वतंत्र स्कॉटलंडसाठी दारोदार पत्रकं वाटत आलेला. त्यांच्या मतदारसंघात गेल्या खेपेला त्यांचा पक्ष अगदी थोडक्यात पडला होता. आणि नेमके या वेळी ते व्हर्जिनियात, पाळण्याला फुगे बांधत.

तिकडे एक सोय आहे. आपण बाहेरगावी असलो तर आपल्या वतीने दुसऱ्या कोणी जाऊन आपलं मत द्यायचं. अँगसरावांनी फॉर्म भरून ते काम बायकोवर सोपवलं आणि त्याच संध्याकाळी त्यांना घाम फुटला. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती आणि आपण कोणाला मत देतो हे मोइराबाईंनी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं.

*

पहिला संशय हवामानावर.

अँगसराव रोज सकाळी लॅपटॉपवर तिकडच्या टीव्हीचं हवामान बघत. एकदा मी चहा घेऊन गेले तर स्क्रीनला पट्टी लावून बसलेले. म्हटलं, काय मोजताय? तर म्हणाले, नकाशा मुद्दाम तिरका काढलाय, त्यामुळे लंडन फुगतं आणि स्कॉटलंड वर आक्रसून जातं. "चाळीस वर्षं मुलांना नकाशे शिकवलेत मी. मला फसवतात?"

आमचे हे, श्रीकांत, नागपूरचे. वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की जेवण थंड होतं, असं आमच्या घरचं वातावरण. ते आतून धावत आले. "पहा जी, हेच तर! पुण्यात चार थेंब पडले की पहिलं पान. आमच्याकडे गारा पडून संत्र्याचा बहर गेला तरी पान नऊ!" त्या दिवसापासून दोघांची युती झाली. मी सदाशिव पेठेतली असल्यामुळे माझ्याच घरात विरोधी पक्ष ठरले, आणि मी खोलीत शिरले की बोलणं बंद व्हायला लागलं.

*

मग नेत्यांची डिबेट झाली. तिकडची रात्र म्हणजे आमची दुपार. सात पुढारी ओळीने उभे. अँगसराव हातात घड्याळ घेऊन बसले, आपल्या नेत्याला किती वेळ देतात ते मोजायला. मी कुकर लावला होता. त्यांचा नेता बोलायला लागला, इकडे कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली, आणि तिसरी व्हायच्या आत सूत्रसंचालकाने त्याला तोडलं.

अँगसराव स्वयंपाकघरात आले. डाळीला किती शिट्ट्या लागतात, असं त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. मी म्हटलं, चार.

"म्हणजे एका राष्ट्राच्या भवितव्याला तुमच्या डाळीच्या निम्मा वेळ!"

पुढे हेच माप झालं. बातम्यांमध्ये त्यांचा पक्ष आला की श्रीकांत आतूनच विचारायचे, किती शिट्ट्या? बहुतेकदा उत्तर यायचं, वाफही धरली नाही.

*

श्रीकांतना वाटलं, व्याह्यांना आपणच व्यासपीठ द्यावं. त्यांनी आमच्या सीनियर ग्रुपमध्ये अँगसरावांचं भाषण ठेवलं. माणूस फार छान बोलला. तिकडचे पेपर आमचा पक्ष संपला म्हणून लिहितात, म्हणाले, पण हे पेपर मी शाळेत होतो तेव्हाही हेच लिहीत होते. शेवटी नातवाचं नाव घेऊन म्हणाले की याच्या हातात एक दिवस स्कॉटलंडचा पासपोर्ट बघायचाय. मला तेव्हा त्यांची खरोखर माया वाटली. पट्टी आणि घड्याळाच्या मागे हे होतं तर, असं झालं.

पुढच्या आठवड्यात ग्रुपचा पाक्षिक अंक आला. संपादक आमचे देवधर काका, वय ऐंशी, सगळं एकटे टाइप करतात. फोटो मोठा होता, भाषणही पूर्ण दिलं होतं. मथळा होता: 'इंग्लंडच्या पाहुण्यांशी रंगल्या गप्पा.'

आपल्याकडे सगळेच म्हणतात हो! मुलगा वेल्समधल्या कार्डिफला असला तरी आपण म्हणतो इंग्लंडला असतो. पण केतकीने भाबडेपणाने मथळा इंग्लिशमध्ये वाचून दाखवला आणि अँगसरावांचा चेहरा उतरला. "इथेही पोहोचले," एवढंच ते म्हणाले. देवधर काकांना हा मथळा कोणी सुचवला याची त्यांनी दोन दिवस चौकशी केली. काकांचा पुतण्या लंडनला असतो, हे श्रीकांतनी पुरवलं.

मी काकांना फोन करून दुरुस्ती छापायला सांगितलं. काकांना फारच वाईट वाटलं. पुढच्या अंकात त्यांनी चौकट टाकली: 'गेल्या अंकातील पाहुणे इंग्लंडचे नसून लंडनजवळच्या स्कॉटलंडचे आहेत. चूकभूल द्यावी घ्यावी.'

ही चौकट अँगसरावांना कोणी वाचून दाखवली नाही. दुरुस्ती छापून आली, एवढंच सांगितलं. त्यांनी ती कापून पाकिटात ठेवली, आणि अजून ठेवली आहे.

*

मतदान जवळ आलं तसा संशय लंडनवरून सरकत सरकत घरापर्यंत आला.

एकदा मोइराबाईंचा व्हिडिओ कॉल चालू होता. त्यांच्या मागे फ्रीज दिसत होता आणि फ्रीजवर मॅग्नेटखाली विरोधी पक्षाचं पत्रक! अँगसरावांनी फोन डोळ्याला चिकटवला. हे काय आहे म्हणून विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, मागच्या बाजूला वाणसामानाची यादी आहे.

"आपल्या पक्षाच्या पत्रकाची मागची बाजूही कोरी असते."

"त्यावर कुत्र्याच्या औषधाच्या वेळा लिहिल्यात," मोइराबाई म्हणाल्या आणि तेही पत्रक दाखवलं. व्याही रात्रभर त्यावर विचार करत राहिले असावेत, कारण सकाळी त्यांनी मला विचारलं की कुत्र्याचं औषध जास्त महत्त्वाचं की वाणसामान?

मग पेन्सिलीचं निघालं. तिकडे मतपत्रिकेवर पेन्सिलीने फुली मारतात. अँगसरावांना खात्री होती की ती नंतर खोडतात. बायकोला त्यांनी दोनदा बजावलं, पेन घेऊन जा. मग तिसऱ्यांदा फोन करून सांगितलं की पेन निळं नको, काळं ने. आमच्याकडे बोटाला शाई लावतात, श्रीकांत म्हणाले. त्यावर अँगसराव जरा विचारात पडले. "शाईने मत दिलं एवढं कळतं," ते म्हणाले, "कोणाला दिलं ते कुठे कळतं?"

त्या दोघांचं बोलणं ऐकून मला हसू येत होतं. श्रीकांत आणि मी इथे एकाच गाडीने मतदानाला जातो. परत येताना श्रीकांत म्हणतात, चला, आपली दोन मतं पडली. मी सीट बेल्ट लावते.

*

मतदानाचा दिवस. गुरुवार सकाळ. तिकडे दुपार झाली होती. मी पोहे केले होते. केतकी आणि कॅलमही बाळाला घेऊन आले होते. अँगसरावांनी कोटाला पक्षाचा पिवळा बिल्ला लावला होता आणि ते पोह्यांना हातही लावत नव्हते.

फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला. मोइराबाईंचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. केंद्रावर गर्दी नव्हती, म्हणाल्या. कुत्र्यांना बाहेर बांधलं होतं.

"पेन नेलं होतंस?"

"काळं."

"दोन्ही मतं दिलीस?"

"दोन्ही दिली. एक तुझ्या पक्षाला आणि एक समोरच्यांना."

अँगसराव खुर्चीत मागे रेलले. चेहऱ्यावर दुःख होतं, पण त्याहून मोठी सुटका होती. माझ्या हातावर हात ठेवून मला म्हणाले, बघा, एक्केचाळीस वर्षांनी कळलं. माझं मत तरी वाचलं, एवढं पुरे. त्यांनी पोह्यांची बशी पुढे ओढली.

"मोइरा, माझी तक्रार नाही," ते फोनकडे वाकून म्हणाले. "तुझं मत तुझं. आज निदान समजलं ते कुठे जातं."

"अँगस," मोइराबाई म्हणाल्या, "त्यातलं तुझं कुठलं आणि माझं कुठलं, हे मी कुठे सांगितलं?"

मागे कुत्री भुंकली आणि फोन बंद झाला.

श्रीकांतनी चमचा खाली ठेवला आणि हळूच माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

मी कोथिंबीर आणायला उठले.