चिंचोक्यांची शाळा

ठाण्याहून सकाळच्या गाडीने परतलेले आमचे शेजारी कल्याणच्या आमच्या अंगणातच थबकले आणि म्हणाले, "गोदूबाई, तुमच्या वहिनी गेल्या." मी सुपातले तांदूळ पाखडत होते. मी विचारलं, "कुठे?" माझा तरी काय दोष? महिन्यापूर्वीच मी ठाण्याला गेले होते, तेव्हा वहिनी मला डोळे मोठे करून सांगत होती, "वन्सं, पडवीतल्या मुलांनी ठरवलंय, पारसिकचा डोंगर जवळून बघायचा. आता बैलगाड्या कोण देतं ते बघायचं!" त्यामुळे मला वाटलं, निघालीसुद्धा ही! मग शेजाऱ्यांचा चेहरा पाहिला... चार दिवसांच्या तापाने माझी अन्नपूर्णावहिनी, आमच्या दादाची बायको, खरोखरच गेली होती. आता काही आठवडे लोटले आहेत. रडून झालं आहे. तिची आठवण निघाली, की रडू येण्याआधी छाती धडधडू लागते, कारण तिच्याबरोबर घालवलेला एकही दिवस मला सपक आठवत नाही.

माझ्या यजमानांची रेल्वेतली नोकरी फिरतीची. म्हणून लग्नानंतरची बरीच वर्षं मी ठाण्याला माहेरीच होते. आमचं घर तलावाजवळच्या आळीत. दादा मुलींच्या शाळेत मास्तर होता, आणि रोज जेवताना त्याची एकच तक्रार असे. मुली शाळेत येत नाहीत, आल्या तरी कडेवर धाकटं भावंड असतं, ते रडलं की मुलगी घरी. वहिनी वाढता वाढता एक दिवस म्हणाली, "मग ती कडेवरची पोरं माझ्याकडे आणून सोडा ना!" दादा हसला. दुसऱ्या दिवशी आमच्या पडवीत रडणाऱ्या पोरांचा असा काही कल्लोळ उठला, की आई देवघरातून उठून शेजारी जाऊन बसली.

पहिले दिवस फजितीचे. दादाने सांगितल्याप्रमाणे वहिनीने मुलांना ओळीने बसवलं, धूळपाट्यांवर अक्षरं गिरवायला लावली. एक पोर रडलं की सगळी रडत. शेवटी दमून ती खाली बसली आणि नुसतं विचारलं, "अरे, मग तुम्हाला करायचंय तरी काय?" रडणंच थांबलं! तीन-चार वर्षांच्या मुलांना हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मग एकाने म्हटलं, गोष्ट. दुसऱ्याने म्हटलं, माती. भांडण जुंपलं. वहिनी धावत स्वयंपाकघरात गेली आणि दोन टोपल्या अन् मूठभर चिंचोके घेऊन आली. "हिच्यात टाकला तर आधी गोष्ट, हिच्यात टाकला तर आधी माती. प्रत्येकाला एकच!" त्या मुलांचे चेहरे मी कशी सांगू... एकेक जण चिंचोका मुठीत घट्ट धरून, ओठ मुडपून, विचार करत पुढे येत होता, जणू राज्याचा निकाल त्याच्या हाती होता.

तेव्हापासून आमची शाळा चिंचोक्यांवर चालू लागली. मुलांचे निर्णय काही शहाणेच असत असं नाही हं. एकदा त्यांनी ठरवलं, आजपासून शाळा तलावाकाठच्या आंब्याखाली. मी म्हटलं, "वहिनी, तिथे लाल मुंग्या आहेत." ती म्हणाली, "मलाही माहीत आहे. सांगून पाहिलं. त्यांना पटत नाही." गेलो. थोड्याच वेळात सगळी शाळा पाय आपटत, किंचाळत, परकर झटकत परत! पडवीत पोचल्यावर वहिनीने पुन्हा टोपल्या मांडल्या. "ठरवलेलं बदलता येतं," ती म्हणाली, "पण सगळ्यांनी मिळून बदलायचं." त्या दिवशी पडवीच्या टोपलीत सगळेच्या सगळे चिंचोके पडले आणि आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो.

सोनी आली ती त्याच सुमारास. तिची आई खाडीवरच्या मिठागरात कामाला जाई आणि जाताना पोरीला आमच्या आळीतल्या एका ओळखीच्या म्हातारीकडे ठेवी. सोनी तिथून निसटून आमच्या दाराशी येऊन उभी राही. वहिनीने विचारलं, "आत येतेस का गं?" ती म्हणाली, "मना इथूनच दिसतं." वहिनीने आग्रह केला नाही. फक्त रोज एक चिंचोका उंबऱ्यावर ठेवायची. काही दिवस तो तसाच राहिला. मग एका सकाळी सोनीने तो उचलला, सरळ आत आली, मातीच्या टोपलीत टाकला आणि मुलांच्या मधोमध फतकल मारून बसली! मातीचं काम तिच्यासारखं कुणाला जमत नसे. बांध घालून पाणी अडवायची, आणि आळीतली पोरं तोंडं उघडी टाकून बघत.

आळीतल्या थोरांची तोंडंही उघडली, पण वेगळ्या कारणाने. मिठागरवाल्यांची पोर आमच्या पोरांच्या मांडीला मांडी लावून बसते, हे कसं चालेल? दाजीसाहेब म्हणजे आळीतलं बडं प्रस्थ. त्यांची नात मनू आमच्याकडे येई. ते स्वतः आले, झोपाळ्यावर बसले आणि हसत म्हणाले, "अन्नपूर्णाबाई, तुम्ही सगळं मुलांना विचारून करता म्हणे. मग हेही विचारा. सोनी हवी की नको. टाका चिंचोके." मुलांच्या आयांनी घरी काय पढवून ठेवलं होतं ते त्यांना ठाऊक होतं. वहिनी दाराआड उभी होती. ती पदर सावरून उंबऱ्यापर्यंत आली. थोरांसमोर ती कधी बोलत नसे, त्या दिवशी बोलली. "मुलं काय करायचं ते ठरवतात. कुणी बसायचं ते नाही. सोनीला बाहेर उभी करून बाकीच्यांना विचारायचं, तर ते विचारणं कसलं? याला चिंचोका नाही."

दाजीसाहेब उठून गेले. दुसऱ्या दिवसापासून पडवी ओस पडू लागली. मनू बंद, तिच्यामागून कितीतरी जणं बंद. त्यांच्या थोरल्या बहिणी पुन्हा भावंडं कडेवर घेऊन घरी बसल्या, दादाच्या वर्गातली बाकं रिकामी झाली. मी चिडचिड करी. वहिनी मात्र उरलेल्या मूठभर मुलांसमोर रोज टोपल्या मांडी. एकदा भाकरी थापता थापता तिने हात थांबवला आणि हळूच म्हणाली, "वन्सं, चुकलं तर नाही ना माझं?" मी म्हटलं, "नाही." तेवढंच.

आणि मग ती सकाळ! आळीत एकच हाकाटी उठली, मनू सापडत नाही. कुणी विहिरीत डोकावतंय, कुणी तलावाकडे पळतंय. कोळ्यांनी पाण्यात उड्या घेतल्या. मनूच्या आईचा आक्रोश ऐकवत नव्हता. मी मागच्या दाराने बाहेर पडणार, इतक्यात पाहते तो परसात केळीच्या आळ्यापाशी सोनी आणि मनू! दोघी कोपरापर्यंत चिखलात, बांध घालताहेत! मी ओरडतच पुढच्या दाराकडे धावले. दाजीसाहेब आले ते अनवाणी, डोक्यावर पागोटं नाही. त्यांना तसं आळीने कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "मने, कुणाला विचारून आलीस?"

मनूने मान वर केली. "मीच ठरवलं."

दाजीसाहेब पायरीवर बसले. वहिनीने आधी मनूचे हात धुतले आणि तिला बजावलं, "ठरवलंस ते बरं केलंस. पण आईला सांगून निघायचं. ती किती रडली बघ." मग तिने दाजीसाहेबांपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. ते पाणी प्यायले. दोघी पोरी पुन्हा बांधाकडे वळल्या होत्या आणि म्हातारा बराच वेळ तिकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी मनूचं बोट धरून ते स्वतः तिला सोडायला आले. दारात सोनी उभी होती. "सरक गं जरा," एवढंच तिला म्हणाले, पण म्हणाले हसून. आठवडाभरात पडवी पुन्हा भरली! दादा शाळेतून धावत येऊन सांगू लागला, आज अमकी आली, आज तमकी आली...

पुढे मी कल्याणला संसार थाटला. वहिनीची पडवी शेवटपर्यंत चालली.

परवा ठाण्याला गेले. दादा आता थकला आहे, पण सकाळी मुलं येतात आणि तो त्यांच्यात बसतो. पडवीत शिरताना माझ्या गुडघ्याला काहीतरी लागलं. भिंतीत लाकडी खुंट्या, अगदी खाली. मुलांना आपल्या टोप्या आणि पिशव्या कुणाला न सांगता अडकवता याव्यात, म्हणून वहिनीने अलीकडेच ठोकून घेतलेल्या. दादा म्हणाला, "मलाही रोज लागतात. सुतार विचारत होता, काढू का म्हणून. मी नको म्हटलं." मलाही माझी पिशवी तिथेच अडकवावीशी वाटली. त्यासाठी जमिनीवर बसावं लागलं. बसले, आणि समोर पाहिलं तर मुलांना सोडायला आलेल्या मोठ्या माणसांची नुसती धोतरं आणि लुगडी दिसत होती, आणि बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, एकमेकांकडे बघून हसणारी सगळी मुलं.