ओढते किती आणि थांबते किती

माण तालुक्यातल्या त्या उतारावरची घटना मी निवृत्तीनंतरही विसरू शकलेलो नाही.

सिमेंटच्या पोत्यांनी भरलेली पिकअप, मागे जोडलेला काँक्रीटचा मिक्सर. सकाळी दहाच्या सुमारास ब्रेक लागेनात आणि गाडी एसटीच्या थांब्यात घुसली. सुट्टीवर आलेला एक जवान जागीच गेला. आम्ही पंचनामा केला, चालकाला अटक केली. मालक ठाण्यात येऊन म्हणाला, "सायेब, लय दामटतो गाडी. किती येळा सांगितलं त्याला."

चालक खाली मान घालून बसलेला. "माणूस गेला माझ्या हातनं. काय बी लिवा," एवढंच बोलला.

चार दिवसांनी मलकापूरहून एक वयस्क मुसलमान कारागीर आला. गाड्यांच्या स्प्रिंगचे पाटे बसवण्याचं त्याचं दुकान होतं.

"त्या गाडीचं पाटं मीच वाढवलं, सायेब. मालकानं करून घेतलं. ड्रायव्हर तवा म्हणत व्हता, मिक्सर येगळा नेऊ, दोन खेपा करू. मालकानं ऐकलं न्हाई."

"पाटे वाढवून काय होतं?"

"गाडी बसत न्हाई. किती भरलीया ते दिसत न्हाई. पर बिरेक हाय तेच ऱ्हात्यात."

"जबाब दिलात तर तुमच्यावरही ठपका येईल."

"येऊ द्या. फौजेतला पोरगा गेला, म्या गप बसू व्हय?"

जप्त केलेला माल, गाडी आणि मिक्सर वजनकाट्यावर नेला. नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या वजनापेक्षा भार कितीतरी जास्त भरला. मिक्सर जोडायची तर त्या गाडीला परवानगीच नव्हती.

मालकाला बोलावलं. आवाज चढवला नाही. "तुमची गाडी किती ओढते?"

"कितीबी. हत्ती हाय."

"आणि उतारावर थांबते किती ओझ्यानिशी?"

काट्याची पावती आणि कारागिराचा जबाब मी पुढे ठेवला. दोन्ही वाचून तो म्हणाला, "दोन खेपांना मीच नको म्हनलं."

दोषारोपपत्रात मालकाचं नाव चढलं. पुढे त्याला शिक्षा झाली, चालक सुटला.

अपघात झाला की पोलीस आधी स्टिअरिंगवरच्या हातांकडे बघतो. गाडीवर ओझं कोणी लादलं, हे विचारायला मी त्या प्रकरणात शिकलो. पण एक गोष्ट कुठल्याच कागदावर आली नाही. अपघाताच्या आदल्या आठवड्यात नाकाबंदीत तीच पिकअप, तोच मिक्सर माझ्यासमोर थांबला होता. मी लायसन्स पाहिलं, विमा पाहिला आणि हाताने पुढे जायची खूण केली. त्या कारागिराने आपला वाटा स्वतः येऊन लिहून दिला. मी माझा आज लिहितो आहे.