मायाने वर केलेला हात

माया गजभियेकडे सत्तावीस शाली आहेत. थंडीत अंगावर घ्यावी अशी त्यात एकही नाही. सगळ्या सत्काराच्या, अंगाला चावणाऱ्या. दर वर्षी आमच्या वस्तीत, इंदोऱ्यात, कुठल्या तरी शाळेचं क्रीडासंमेलन असतं, मायाला स्टेजवर बसवतात आणि माइकवरचा माणूस सांगतो की मुलांनो, या मायाताई, खिलाडूवृत्ती म्हणजे काय ते यांच्याकडून शिका. मग शाल आणि नारळ. नारळाची ती चटणी करते, शाल ट्रंकेत टाकते. ती ट्रंक पाहिली की माझं डोकं फिरतं.

माया अंगणवाडीत मदतनीस आहे. सकाळी पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, भांडी घासायची. मिळतं त्याला मानधन म्हणतात, पगार म्हणायची सोय नाही. मी रोशनी, तिची खोखोची कॅप्टन. गांधीबागेत साड्यांच्या ठोक दुकानात वीस वर्षांपासून घड्या घालते. गिऱ्हाइकाने शंभर साड्या उलगडायच्या आणि मी शंभर मिटायच्या. आमच्या टीममधल्या एकीलाही सरकारी नोकरी लागली नाही. ती मायामुळे लागली नाही, हे मी भेटेल त्याला सांगत आले.

गोष्ट अठ्ठ्याण्णवची. विभागाची फायनल, समोर अमरावतीच्या मुली. जिंकलो असतो तर राज्य स्पर्धेला गेलो असतो, आणि तिथलं प्रमाणपत्र हातात असतं तर खेळाडूंच्या कोट्यातून अर्ज करता आला असता. खोखोत पळणाऱ्या मुली तीन-तीनच्या तुकडीने उतरतात. एक तुकडी संपली की दोन खो पडायच्या आत पुढच्या तिघींनी मैदानात शिरायचं. जी शिरली नाही तिला पंच बाहेरच्या बाहेर बाद देतो. आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि चाळीस सेकंद उरले होते. मैदानात आमची एकटी माया. तिने फक्त पळायचं होतं. आणि ती थांबली. थांबून हात वर केला, म्हणजे मला हात लागला, मी बाद. पंचाची शिट्टी नव्हती, कुणाला काही दिसलं नव्हतं. वेणीच्या टोकाला बोट लागलं म्हणे.

बरोबरी झाली. पुढच्या तुकडीत मी होते. दोघी आत धावल्या, मला उशीर झाला, पंचाने मला बाद दिलं. एका गुणाने हरलो. अचानक हात वर केला, आम्हाला तयारीला वेळ कुठे मिळाला, हे माझं वाक्य तेव्हापासून ठरलेलं आहे. लोकांनी मायाला शाली दिल्या आणि मला कुणी एका शब्दानेही विचारलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर गौरांग आला. पुण्याचा, सिनेमे काढणारा. मायावर कधी काळी पेपरात आलेलं एक कात्रण त्याला सापडलं होतं. पायात धावायचे बूट, पांढरेशुभ्र. बस पकडायला तरी हा कधी धावला असेल असं वाटत नव्हतं. मायाच्या घरी खुर्ची दिली तरी जमिनीवर बसायचा. आपल्यासारख्यांच्या घरी जमिनीवर बसलं की माणूस खरा होतो अशी त्याची समजूत असावी. तीन महिने हा येतो, बसतो, चहा पितो, मोबाइलवर मायाचं बोलणं भरून घेतो. भांडी घासतानाचे फोटो काढतो. मी एकदा म्हटलं, "फोटो काढून राहिला तर दोन गंज-भांडी घासून पण दे." तो हसला. त्याला ते डायलॉग वाटलं.

शेवटी तो सहीचा कागद घेऊन आला. माझ्या आयुष्यावर सिनेमा काढायला माझी हरकत नाही, असा. कागद वाचायला मायाने मला बोलावून घेतलं. रविवार होता, दुकान बंद होतं, म्हणून गेले.

"शेवट मी बदलणार नाही, ताई," गौरांग म्हणाला. "माया हात वर करते, टीम हरते, पडदा काळा. हिरोईन जिंकली की सिनेमा बाजारू होतो. लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन विसरतात. हरण्यात एक सौंदर्य असतं."

सौंदर्य. मी त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिले. ज्याच्या ताटातली पोळी हरण्यामुळे कधी कमी झाली नाही, त्यालाच हे असले चोचले सुचतात. आमच्या गल्लीत हरलेली माणसं पैशाला पासरी मिळतात, आणि एकाच्याही तोंडावर मला अजून सौंदर्य दिसलेलं नाही. तिकीट काढून माणूस अडीच तास अंधारात बसतो तो कशाला? हरणं तर घरी फुकट मिळतं. पण हे मी बोलले नाही, कारण मला वाटलं, मायाला हाच शेवट आवडणार. सत्तावीस शालींवर अठ्ठाविसावी, तीही सिनेमाची.

माया पदराला हात पुसत म्हणाली, "जिंकव त्या पोरीले."

गौरांग समजावणीच्या सुरात म्हणाला, "ताई, मग तुमची गोष्टच उरत नाही. तुमचा प्रामाणिकपणा हीच तर गोष्ट आहे."

"हात लागलाच नव्हता," माया म्हणाली.

गॅसवर चहा तेवढा उकळत होता.

"माझ्यात दमच नव्हता राहिला. पोटरीत गोळा आला, डोळ्यासमोर अंधारी. मले फक्त थांबायचं होतं. म्हणून हात वर केला. नंतर सगळे काहून काहून विचारत होते, तर वेणी म्हटलं. मग शाल आली. मग कसं सांगू?" ती माझ्याकडे न पाहता बोलत होती. "त्या पोरीले थकू नको देऊ, बावा. तिले जिंकव."

सत्तावीस वर्षं मी या बाईला अति शहाणी, सत्यवादी, स्टेजवरची मूर्ती म्हणून शिव्या घातल्या. आणि ती नुसती थकली होती. मला असा राग आला की हातातला कागद चुरगळला. मग गौरांगकडे लक्ष गेलं. त्याचे डोळे चमकत होते. हळूच त्याने मोबाइल मायाच्या जवळ सरकवला.

"ताई, हे तर जबरदस्त आहे," तो म्हणाला. "सगळं गाव जिला देवी मानतं, ती खोटी निघते. हाच शेवट. हेच परत एकदा सांगाल का, सावकाश?"

मायाचा चेहरा पडला. आपण काय करून बसलो हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. इंदोऱ्यात हिच्याकडे दुसरं आहे काय? घर भाड्याचं, नवरा गेलेला, मानधन वेळेवर नाही. फक्त ती ट्रंक. पोरांच्या आया हिच्या हातात डोळे झाकून लेकरं देतात ती त्या एका हातामुळे. आणि हा माणूस पांढरे बूट घालून ती ट्रंक चौकात उपडी करायला निघाला होता.

"खोटं बोलून राहिली ते," मी म्हटलं. "टीमले जिंकवायचं म्हणून. लागला होता हात. मी पाहिला."

"तुम्ही?"

"हौ. रेषेच्या बाहेर, दहा फुटांवर. वेणीच्या टोकाले बोट लागलं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

गौरांग काही अगदीच बावळट नव्हता. त्याने जुना स्कोअरशीट मिळवला होता, मी उशिरा शिरून बाद झाले हे त्यात लिहिलेलं होतं. "पण रोशनीताई," तो म्हणाला, "तुम्ही बघत होतात, मग तुम्ही वेळेत आत का नाही शिरलात? तुम्हीच नेहमी सांगता, अचानक झालं, कळलंच नाही."

त्याने बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं. माझं वाक्य ठेवायचं की मायाची ट्रंक, एवढाच प्रश्न होता. माया माझ्याकडे पाहत होती.

"घाबरली होती मी," मी म्हटलं. "सगळं दिसत होतं, तरी पाय उचलला नाही. आम्ही हरलो ते माझ्यामुळे. टाक तुझ्या सिनेमात. आणि नसेल जिंकवायचं तर उचल तुझा मोबाइल आणि चालता हो."

पळपुटी कॅप्टन त्याला नको होती, तिच्यात सौंदर्य नसावं. त्याने बराच वेळ पुण्याला फोन लावले. तिकडच्या पैसेवाल्याला तसाही जिंकणारा शेवटच हवा होता. मायाने चुरगळलेला कागद मांडीवर सरळ केला, खाली लिहिलं, शेवटी पोरी जिंकल्या पाहिजेत, आणि सही केली.

तो गेल्यावर मायाने चहा गाळला. मग विचारलं, "खरंच पाहिलं होतं का वं तू?"

"नाही."

"मग?"

"डोळे मिटून बसली होती. शेवटचं एक मिनिट मले पाहवतच नव्हतं. दोघी आत पळाल्या तेव्हा उघडले."

तिने कप माझ्यापुढे ठेवला. त्यात साखर जास्त घातली होती.

पावसाळ्यानंतर सिनेमा आला. आम्ही दोघी दुपारच्या खेळाला गेलो. काय बेकार सिनेमा. मैदानात बसणाऱ्या मुलींचे आठ चौकोन असतात, याने नऊ आखले. पळताना पोरींचे केस मोकळे, तेही विभागाच्या फायनलला. माया झालेल्या मुलीच्या तोंडावर घाम नव्हता, तेल लावलं होतं. मी पूर्ण वेळ तोंडातल्या तोंडात शिव्या देत होते आणि पुढचा माणूस मागे वळून पाहत होता.

शेवटचे चाळीस सेकंद आले. पडद्यावरची माया थांबली नाही. पळत राहिली. एकदा कॅमेरा बाहेर गेला, पुढच्या तुकडीकडे. तिघी रेषेवर उभ्या होत्या. मधली कॅप्टन असावी. तिचे डोळे उघडे होते आणि एक पाय पुढे होता. मग शिट्टी वाजली, पोरी जिंकल्या, थिएटरमधले लोक टाळ्या वाजवायला लागले. त्या मधलीची पाळी आलीच नाही. मला हुंदका आला, तो मला दाबता आला नाही, आणि मायाने माझा हात घट्ट धरून ठेवला.

बाहेर उन्हात आल्यावर मी म्हटलं, "बेकार होता."

"हौ," माया म्हणाली. "पण जिंकलो ना."