उभ्याने केलेल्या भूमिका

सँडरिंगहॅमच्या वाणसामानाच्या दुकानात मी भाजी निवडत होते, तेव्हा मागून आवाज आला, "आपण अंमळ बाजूला सराल का? मला कोथिंबीर दिसत नाही."

‘अंमळ’ म्हणणारा जिवंत माणूस मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. वळून बघितलं. सत्तरीचा, काटकुळा, स्वेटरची बटणं वरखाली लावलेला. मी सरकले तरी त्याने कोथिंबीर घेतलीच नाही. दाराशी जाऊन आला, लोणच्यांच्या बाटल्यांपाशी गेला, परत आला. मी म्हटलं, "अहो, घ्या की. मी जागा कशाला दिली?" तर म्हणाला, "माफ करा. मला एका जागी उभं राहता येत नाही आणि बसता तर मुळीच येत नाही."

नीलकंठ टिपणिसांची आणि माझी ओळख झाली ती अशी. २००६चा एप्रिल होता. मी मुलाकडे, शंतनुकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुलापलीकडे अल्बनीला राहायचे. टिपणीस लेकीकडे, प्रणिताकडे, सँडरिंगहॅमलाच. बायको, विमल, लंडनला नर्स होती. ती गेल्यावर लेकीने त्यांना लंडनहून इकडे, पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, आणलं होतं. मला भेटायचं तर दोन बस बदलून यायचे आणि बसमध्येही उभे राहायचे. सीट रिकामी असली तरी. ड्रायव्हर आरशातून बघत राहायचा.

मी विचारलं, काय करत होतात लंडनला? म्हणाले, "टीव्हीवर होतो. विनोदी मालिकांत."

मला वाटलं, थापा मारतायत. या वयाचे पुरुष परदेशात आले की मारतात. पण ते खरं होतं, आणि थाप मारण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं.

टिपणीस १९६१ साली ठाण्याहून लंडनला छपाई शिकायला गेले. संध्याकाळी एका हॉटेलात वेटरचं काम करायचे. तिथे जेवायला येणाऱ्या एका दिग्दर्शकाला वेटरचं काम करणारा इंडियन नट हवा होता. नट मिळेना म्हणून त्याने खऱ्या वेटरलाच उचललं. एकच वाक्य होतं. ते बोलून टिपणिसांनी सूप सांडलं. सांडायचं नव्हतं, हात थरथरला. समोर बसवलेले तीनशे प्रेक्षक हसले. छपाई तिथेच संपली.

पुढे एकतीस वर्षं. वेटर किती वेळा झाले ते त्यांनाही आठवत नव्हतं. डॉक्टर, बसकंडक्टर, हॉटेलचा दरवान, महाराजाचा नोकर. "मालतीबाई, एकदा मी मुडदा होतो," ते म्हणाले. "तोही इंडियनच." १९७३ ते ७८ मात्र एका मालिकेत दर आठवड्याला होते. गल्लीतला दुकानदार. "आडनाव बंगाल्याचं, पगडी सरदारजीची, आणि बोलणं कुठल्याच मुलखाचं नाही. मी लेखकाला एकदा सांगायला गेलो. तो म्हणाला, नील, लोक हसतायत ना?"

लोक हसत होते. दुकानाचं दार कोणी ठोठावलं, की टिपणिसांनी हात जोडायचे, मान डुगडुगवायची, तीन पावलं मागे मागे जात डब्यांच्या चळतीवर आदळायचं आणि ओरडायचं, "शॉप नॉट क्लोज्ड, सर! शॉप ओन्ली स्लीपिंग!" तेवढ्यावर पाच वर्षं घर चाललं. लोक रस्त्यात अडवून म्हणायला लावायचे.

या सगळ्या भूमिकांत बसणं म्हणून नव्हतं. वेटर उभा, कंडक्टर उभा, दरवान उभा, दुकानदार गल्ल्यामागे उभा. खुर्च्या मोठ्या नटांना. टिपणीस तालमीलाही उभे राहत. दुपारी सँडविच खाताना उभे. ही सवय अंगात इतकी मुरली होती, की घरी लेक जेवायला वाढायची तेव्हाही ते ताट हातात घेऊन खिडकीशी जायचे.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला दरवर्षी एक नाटक होतं. त्या वर्षी मी लिहिलं होतं. ‘मुक्काम’. महिनाभरासाठी मुलाकडे आलेले अप्पा परत जायचं नाव काढत नाहीत, रोज बॅग भरून दारात आणून ठेवतात आणि रोज खुर्चीत बसून राहतात, एवढंच. अप्पांसाठी टिपणिसांना विचारलं. सगळे म्हणाले, ब्रिटिश टीव्हीवरचा माणूस आपल्या नाटकात, काय भाग्य! टिपणीस एकदम पांढरे पडले.

"मोठं काम आहे का?"

"सगळ्यात मोठं."

"नाव आहे माणसाला?"

"अप्पा. नाव नसेल तर हाक काय मारतील? अहो मिस्टर?"

ते तीन वेळा अंगणाच्या टोकाला जाऊन आले. मग म्हणाले, "करतो. पण एक आहे. प्रणिताने यायला हवं. तिने माझं काम कधी पाहिलेलं नाही. एकदाही नाही. तिने यावं आणि हसावं. मला दुसरं काही नको."

शंतनुच्या गॅरेजमध्ये शनिवारी तालमी सुरू झाल्या आणि माझं डोकं फिरायला लागलं. एक तर त्यांचं मराठी १९६१मध्ये थांबलेलं. दुसरं, प्रत्येक वाक्यानंतर गप्प. मी ओरडायचे, "टिपणीस, बोला पुढे!"

"हशा येईल ना इथे."

"इथे कोण हसणार आहे? कपड्यांचं मशीन?"

"मालतीबाई, आधी जागा ठेवली नाही तर हशा येऊन बसेल कुठे?"

तिसरं म्हणजे ते बसेनात. अख्खं नाटक अप्पा खुर्चीत आहेत, नाटकच ते आहे, आणि हा माणूस दर दोन वाक्यांनी स्प्रिंग लावल्यासारखा उठतोय. एकदा मी खांदे धरून दाबून बसवलं. ते म्हणाले, "बसलो की वाटतं, माझं काम संपलं. आता दुसरा कोणी येईल." मला दया आली नाही, राग आला. नाटक तीन आठवड्यांवर होतं.

अप्पांच्या मुलाचं काम सुमेध करत होता. पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, चलाख. एका शनिवारी तो आला तोच हसत. "काका! यूट्यूबवर सापडलात तुम्ही! ऑफिसात सगळ्यांनी बघितलं. ते ‘ओन्ली स्लीपिंग’ करून दाखवा ना!"

"नको, जुनं आहे."

"काका, प्लीज!"

टिपणीस उठले. आणि त्या क्षणी मला कळलं, की हा माणूस खरंच नट आहे. मान डुगडुगली, पाय मागे मागे गेले, रंगाच्या डब्यांवर धाडकन आदळले. गॅरेजमध्ये लोक अक्षरशः लोळले. मीही हसले; खोटं कशाला बोलू? पोट धरून हसले.

सुमेध म्हणाला, "आजी, हे नाटकात घाला. मी विचारतो, ‘अप्पा, तुम्ही नक्की जाणार कधी?’ काका उठून म्हणतील, ‘अप्पा नॉट गोइंग, सर! अप्पा ओन्ली स्लीपिंग!’ हॉल कोसळेल."

तिथे माझं वाक्य होतं: "अरे, मी आलोच कुठे आहे अजून?" मला ते आवडायचं. पण गॅरेजमध्ये त्याला कोणी कधी हसलं नव्हतं. मी वहीत माझं वाक्य खोडलं आणि त्याचं लिहिलं. हो, मीच लिहिलं.

टिपणिसांबरोबर तालमीला त्यांची नात गार्गी यायची. दहा वर्षांची, सगळं मराठी समजायचं, उत्तरं इंग्रजीत. तिने ते घरी जेवताना करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी प्रणिताचा फोन. "मालतीकाकू, तुम्हाला माहितीये का, ते वाक्य काय आहे?"

"टीव्हीवरचं आहे ना?"

"माझ्या शाळेतलं आहे. टीचरने प्रश्न विचारला आणि मला एक सेकंद उशीर झाला, की सगळा वर्ग ओरडायचा, प्रणिता ओन्ली स्लीपिंग! पाच वर्षं. टीचर पण हसायची. घरी आले की बाबा विचारायचे, काल बघितलंस का? लोक किती हसले! आय वॉज एट, काकू." मग म्हणाली, "आता माझी मुलगी करते. मी येणार नाहीये. गार्गीचा डान्स आहे तिथे, मी तिला सोडेन आणि न्यायला येईन. दॅट्स इट."

हे मी टिपणिसांना सांगितलं. लपवायची मला सवय नाही. ते गॅरेजच्या दारापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून दारापर्यंत चालत राहिले.

"मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले.

"विचारलं होतंत कधी?"

"नाही." पुन्हा भिंत, पुन्हा दार. "पण मालतीबाई, ती आली आणि हॉल हसत नसला तर? मला दुसरं येत नाही. बसून, मराठीत, साध्या आवाजात मी कोणाला हसवलेलं नाही. ते वाक्य काढलं तर काहीच उरत नाही."

"तुमचं तुम्ही ठरवा. वहीत दोन्ही वाक्यं राहू देत. फक्त माझं नाटक पाडू नका."

सप्टेंबरातला रविवार. शाळेचा हॉल, दोनशे माणसं. आरती लांबली, भाषणं लांबली, मग श्रीखंड-पुरीचं जेवण, आणि त्यावर नाटक. जेवण आधी ठेवणाऱ्याला मी आजही माफ केलेलं नाही. लोकांचे डोळे मिटत होते. मी विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला.

पहिला प्रवेश पडला. टिपणीस बसले होते, पण खुर्चीच्या अगदी कडेला, बस सुटायच्या बेतात असल्यासारखे. वाक्य म्हणायचे, थांबायचे, आणि हॉलमधून नुसत्या पंख्याचा आवाज. कोणीतरी फोनवर बोलायला बाहेर गेलं. सुमेध विंगेत येऊन माझ्या कानात म्हणाला, "आजी, आता ते वाक्यच वाचवेल."

दुसरा प्रवेश. गार्गीला न्यायला प्रणिता आली होती. हॉलच्या मागच्या दारात, हातात गाडीची किल्ली, गार्गी शेजारी. मला दिसली म्हणजे त्यांनाही दिसली असणार, त्यांचं तोंड तिकडेच होतं.

सुमेधने विचारलं, "अप्पा, तुम्ही नक्की जाणार कधी?"

टिपणिसांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर गेले. कोपरं उचलली गेली. टाचा वर झाल्या. सुमेध खूश होऊन दोन पावलं सरकला, त्यांना मागे चालायला वाट करून दिली. पहिल्या रांगेत सुमेधचे ऑफिसवाले मित्र होते, ते आधीच खुदखुदायला लागले. हशा तयार होता, फक्त उठायचं होतं.

ते मागे टेकले. पूर्ण. पाठ खुर्चीला लागलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"अरे," ते म्हणाले, "मी आलोच कुठे आहे अजून?"

आणि थांबले.

कोणीही हसलं नाही. एका बाळाने जांभई दिली, ती विंगेपर्यंत ऐकू आली. टिपणीस थांबून राहिले. मी वहीच्या आडून ओरडले, "पुढे! पुढे!" नाही. हात मांडीवर ठेवून, हॉलकडे बघत, हशाची पूर्ण जागा त्यांनी दिली आणि वर आणखी थोडी. सुमेधला घाम फुटला. मग अगदी शांतपणे त्यांनी पुढचं वाक्य घेतलं. उरलेलं सबंध नाटक ते त्या खुर्चीतून हलले नाहीत. आणि नाटकही तिथून हललं नाही. तिथेच मेलं.

पडदा पडल्यावर लोक येऊन मला म्हणाले, श्रीखंड फार छान होतं. सुमेध टिपणिसांवर चिडला, "काका, हशा हातात होता हो! काय केलंत हे!" ते म्हणाले, "हो रे, चुकलंच," आणि मेकअप पुसत राहिले.

शंतनुला सामान आवरायचं होतं, म्हणून प्रणिता म्हणाली, "काकू, मी सोडते तुम्हाला." मी पुढे, टिपणीस आणि गार्गी मागे. मी इतकी संतापले होते, की पट्टा लावताना बोट चिमटलं. गाडी पुलाजवळ आली. टिपणीस मागे सारखे हलत होते, काच खाली, काच वर.

शेवटी न राहवून म्हणाले, "कसं झालं?"

"बाबा," प्रणिता म्हणाली, "इट वॉज टेरिबल."

"हं."

"नाही, म्हणजे रिअली टेरिबल. मी आयुष्यात एवढं वाईट..." आणि तिचा आवाज फुटला. मला वाटलं रडते आहे. हसत होती. "कोणी हसत नव्हतं आणि तुम्ही थांबलात! नुसते बसून राहिलात! आणि काकू आतून ओरडतायत, पुढे, पुढे, अख्ख्या हॉलला ऐकू येतंय..." पूल उतरल्यावर तिने गाडी कडेला घेतली, कारण तिला समोरचं दिसत नव्हतं. गार्गी हसायला लागली. मी वळून म्हटलं, "बापलेकींना मजा वाटतेय. नाटक कोणाचं पडलं? माझं!" त्यावर तर ती स्टिअरिंगवर डोकं टेकून हसली.

टिपणीस हसत नव्हते. दोन सीटच्या मधून पुढे वाकून, श्वास रोखून ते तिच्याकडे बघत होते. ती जरा थांबल्यावर त्यांनी अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "नेमकं कुठे हसू आलं? थांबलो तेव्हा, की मालतीबाई ओरडल्या तेव्हा?"

"आय डोन्ट नो, बाबा!"

"नाही, नीट आठव. हे कळायला हवं."

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. प्रणिताने डोळे पुसले आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. "थांबलात तेव्हा," ती म्हणाली. "पण अर्धाच वेळ पुरला असता."

"अर्धा," टिपणीस म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "अर्धा फार कमी होईल." आणि अल्बनी येईपर्यंत दोघं त्यावर भांडत राहिले.