रामाजीकाकाची कच्ची टेकडी

आर्वीकडच्या आमच्या गावामागं एक टेकडी आहे. लांबट, बुटकी, माथ्यावर सपाट. काळ्या पाषाणाचा थर, खाली मुरूम, पुन्हा पाषाण, अशी पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेली. उतारावर सीताफळी. जगाच्या लेखी क्षुल्लक, पण गावात चुलीचे तीन गोटे तिचेच लागतात. दुसऱ्या दगडांवर रांधलेलं अंगी लागत नाही म्हणे. म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही, मी घालून पाहिला आहे.

माझा रामाजीकाका भिलाईच्या कारखान्यात लागला. क्वार्टर मिळालं, मीही तिथंच राहायचो. पण शकुबाईकाकू येईना. भिलाई परातीसारखी सपाट. टेकडीच नाही तर चूल कशाची? काका हॉटेलातली भजी खाऊन वाळत चालला. त्याला भुकेपेक्षा तिची आठवण जास्त छळत होती.

मग कारखान्यातली लोखंडाची भट्टी पेटली. लोखंडावरची मळी, म्हणजे स्लॅग, लालभडक पातळ असतानाच नेऊन मोकळ्यावर ओतायचे. ती थिजून काळी पडे. तिच्यावर दुसरा थर. होता होता तिथं लांबट, बुटकी, पायऱ्यापायऱ्यांची टेकडी उभी राहिली. ती पाहून काकाची अक्कल चरायला गेली. त्यानं गावी निरोप धाडला : टेकडी आली, तू निघ.

काकू आली. काकानं नव्या टेकडीचे तीन गोटे मांडले. भात रटरटू लागला आणि एक गोटा फाडकन फुटला. भात राखेत. काकू शांतपणे म्हणाली, टेकडी कच्ची आहे, पिकली की कळवा. आणि मिळेल त्या गाडीनं परत गेली.

काकाचा राग टेकडीवर. ही पिकायला किती वेळ लागेल, असं त्यानं कारखान्यातल्या श्यामरावसाहेबांना विचारलं. साहेब दगडधोंड्यांचं शिकलेले आणि सज्जन, हसले नाहीत. म्हणाले, तुमच्या गावची टेकडीही जमिनीच्या पोटातून अशीच पातळ होऊन आली, थरावर थर थिजली. त्याला सहा कोटींवर वर्षं झाली. काकानं हिशेब प्रामाणिकपणे धरला. गावी निघालेल्या मेव्हण्याला, चिंधूला, सांगितलं : शकूला म्हणावं, सहा कोटी वर्षं लागतील, साहेबांनीच सांगितलंय.

पुढच्याच आठवड्यात काकू दारात उभी. डोक्यावर पोतं, पोत्यात गावच्या टेकडीचे तीन काळे गोटे.

“एवडे दिवस मले नाई थांबवत,” ती म्हणाली, आणि त्याला चुलीतली राख काढायला लावलं.